उभ्याखाली आडवं

वडनेर भोलजीत सिंधूताईंना कुणी शिक्षिका म्हणत नाही, कारण त्या कुठल्याच शाळेत नाहीत. पण घरात पोर दहावीला गेलं की आया एकमेकींना सांगतात, "भूमितीले सिंधूताईकडं टाक." दळण टाकावं तसं पोर टाकायचं आणि मार्चनंतर घेऊन जायचं.

सिंधूताई खामगावच्या कॉलेजातून गणित घेऊन बी.एस्सी. झालेल्या. पुढं बी.एड. करायचं मनात होतं, पण निकाल लागला त्याच उन्हाळ्यात लग्न झालं. दीपकरावांचं हायवेला मोटार रिवाइंडिंगचं दुकान. घरात सासू जनकाबाई, पुढं मुलगी समीक्षा. बी.एड. राहिलं ते राहिलं. समीक्षा तीन वर्षांची असताना शेजारची एक पोरगी वही घेऊन आली आणि म्हणाली, ताई, टॅनमध्ये वर काय लिहायचं अन् खाली काय, माह्या डोक्यात बसतच नाही. सिंधूताई भाकरी थापत होत्या. हात पिठाचे, तव्यावर भाकरी. त्यांनी मान न वळवता सांगितलं, "उभ्याखाली आडवं, टॅन म्हणजे एवढं."

पोरगी हसली, पण विसरली नाही. परीक्षेत तिला ते जमलं, तिनं दोघींना सांगितलं, त्या दोघी पुढच्या वर्षी आपल्या बहिणींना घेऊन आल्या. बारा वर्षांत ओसरीवरच्या त्या सतरंजीवर किती पोरं बसून गेली, मोजदाद नाही. सकाळी सहाला क्लास सुरू व्हायचा आणि गल्लीत एका सुरात आवाज जायचा, "उभ्याखाली आडवं!" जनकाबाई तूर निवडतानाही ते गुणगुणायच्या. टॅन म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण तो उभ्याआडव्याचा काहीतरी असतो एवढं पक्कं.

आणि ते चालायचंही. पाण्याच्या टाकीची उंची काढा, झाडाची काढा, देवळाच्या कळसाची काढा. माणूस नेहमी जमिनीवर उभा राहून वर पाहणार. कोन खाली, टाकी उभी, जमीन आडवी. उभ्याखाली आडवं मांडलं की उत्तर हातात.

यंदा समीक्षाच दहावीला होती. तिला पॉलिटेक्निकला जायचं होतं, आणि तिथं दहावीच्या मार्कांवरच नंबर लागतो हे घरात सगळ्यांना पाठ होतं. सिंधूताई क्लासमध्ये तिला इतरांसारखंच वागवायच्या, पण तिची वही तपासताना त्यांचा पेन जरा जास्त वेळ थांबायचा.

फेब्रुवारीत पूर्वपरीक्षा झाली. पुढच्या रविवारी हायस्कूलचे महादेवराव सर पिशवीत पेपरांचा गठ्ठा घेऊन दारात उभे. सिंधूताईंना वाटलं, कौतुक करायला आले असतील. त्यांनी चहा टाकला.

सरांनी चहा अर्धा होईपर्यंत हवापाण्याच्या गप्पा केल्या. मग म्हणाले, "ताई, तुमच्याकडं यंदा पोरं किती?"

"एकोणीस."

"माह्या हातात पेपर आला की नाव न वाचता सांगतो, हा तुमच्याकडचा." त्यांनी गठ्ठा सतरंजीवर ठेवला. "अठरा जणायनं एकच चूक केली. अक्षर येगळं, चूक तीच. एका साच्यातल्या इटा."

प्रश्न साधा होता. एक शिडी भिंतीला टेकली आहे. शिडीनं भिंतीशी तीस अंशांचा कोन केला आहे. शिडीचा पाय भिंतीपासून दोन मीटरवर आहे. शिडी किती उंचीवर टेकली?

सिंधूताईंनी मनातल्या मनात चित्र काढलं आणि त्यांचा हात कपावरच राहिला. कोन भिंतीशी होता. म्हणजे खाली नाही, वर, जिथं शिडी भिंतीला लागते तिथं. तिथून पाहिलं तर समोरची बाजू भिंत नाही, जमीन आहे. वर जमीन लिहायची, खाली भिंत. सरळ उलटं. अठरा पोरांनी मात्र भिंत उभी दिसली म्हणून वर मांडली, आणि उत्तर काढलं सव्वा मीटरच्याही आत.

"सव्वा मीटर," सर म्हणाले. "कमरेएवढी भिंत चढायले पोरायनं शिडी लावली, ताई. म्या तर कपाउंडवरून उडी मारली असती."

सिंधूताई हसल्या नाहीत. "एकोणिसावं कोण?"

"रंगारी किसनरावची पोरगी. महामाया."

सर गठ्ठा ठेवून गेल्यावर त्यांनी महामायाचा पेपर काढून पाहिला. तिनंही आधी तेच मांडलं होतं. मग त्यावर एक आडवी रेघ, आणि खाली सगळं नव्यानं. दोन गुणिले वर्गमूळ तीन. साडेतीन मीटरला जरासं कमी.

त्याच्या खालचा पेपर समीक्षाचा होता. त्यात खोडल्याची रेघ कुठंच नव्हती. नीटनेटक्या अक्षरात, चौकटीत बसवलेलं चुकीचं उत्तर.

रात्री जेवण झाल्यावर ताट मोरीत ठेवताना समीक्षा पाठमोरीच बोलली. "सरायनं शाळेत समोरची बाजू, लगतची बाजू असंच शिकवलं होतं. मी म्हटलं, कायले एवढं, आईचं सोपं आहे."

जनकाबाईंना कळलं की काहीतरी बिनसलंय. "सिंधू, उद्या शेगावले जाऊन महाराजाले सांगून येजो. लेकराच्या मार्काचं हाये."

"जाईन न आई. पण कोन खाली सरकवून द्या, असं कसं सांगू त्यांना?"

त्यांना समीक्षापेक्षाही मागची पोरं आठवत होती. बारा वर्षांत अशी शिडी कुणाकुणाच्या पेपरात आली असेल? कुणाचे चार मार्क गेले असतील आणि त्यानं निकाल पाहून म्हटलं असेल, माह्याच डोक्यात भुसा? ते कुणी येऊन सांगत नाही. पास झालेली पोरं पेढे घेऊन येतात, बाकीची रस्त्यानं दिसली तर मान खाली घालतात. बोर्डाचा भूमितीचा पेपर बावीस दिवसांवर होता. एक ओळ डोक्यात घालायला भाकरी भाजेपर्यंतचा वेळ लागला होता. ती काढायला किती लागेल, याचं गणित त्यांना येत नव्हतं.

सोमवारी सहाला पोरं आली. सिंधूताईंनी सांगितलं, "पूर्वपरीक्षेत तुमचे चार मार्क माझ्यामुळं गेले. मी शिकवलेलं अर्धंच खरं होतं."

पोरं एकमेकांकडं पाहू लागली. मोठं माणूस असं बोललं की लहानांना कुठं पाहावं ते कळत नाही. शेवटी शिवम म्हणाला, "म्हंजे ताई, उभ्याखाली आडवं नाही?"

"कधी असतं, कधी नसतं."

"मग कसं पाठ करायचं?"

"पाठ करायचंच नाही. महामाया, तू तुझं उत्तर का खोडलं होतंस?"

महामाया भिंतीला टेकून बसायची, सगळ्यात मागं. ती उठली. "बाबाच्या संगं जातो न मी सुट्टीत. दोन मीटर पाय लांब ठेवून शिडी कमरेइतकी टेकवली तर ती राहतच नाही, घसरते. म्हटलं, गणित चुकलं का शिडी चुकली? शिडी तर चुकत नाही."

"ती शिडी आणता येईल?"

दुसऱ्या दिवशी किसनराव कामावर जाण्याआधी शिडी घेऊन आले. बांबूची, तेरा फुटी, अंगावर गावातल्या दहा घरांचे रंग. "आठपर्यंत ठेवा," ते म्हणाले, "मंग मले हायस्कूलच्या मागं जायचं हाये." आणि जायचं सोडून तेही ओट्यावर बसले.

अंगणात सिंधूताईंनी भिंतीपासून दोन मीटर चुन्याची रेघ मारली. शिडीचा पाय रेघेच्या टोकाला ठेवला. वरचं टोक गच्चीच्या कठड्याला लागलं. शिवमला राहवलं नाही. त्यानं कोपऱ्यातला बांबू घेतला, पाय रेघेवर ठेवला आणि वरचं टोक कमरेइतकं भिंतीला टेकवून त्यावर पाय दिला. बांबू सुळकन गेला आणि शिवम खाली बसला.

"बसला का तुहा सव्वा मीटर?" किसनराव म्हणाले. अंगण हसलं.

"समीक्षा, वर चढ," सिंधूताई म्हणाल्या.

समीक्षा चढली. दोन दिवस ती आईशी कामापुरतीच बोलत होती. वर जाऊन ती भिंतीला पाठ लावून बसली. खाली किसनरावांनी दोन्ही हातांनी शिडी धरली होती, तरी सिंधूताईंनीही धरली.

"आता तू कोन आहेस. तुझ्या पाठीला काय लागलं?"

"भिंत."

"ती लगतची. बसली कशावर?"

"शिडीवर."

"तो कर्ण. आता दोन पायऱ्यांच्या मधून पाहा. ज्याला तू कुठूनच लागत नाहीस, असं काय आहे?"

समीक्षानं वाकून पाहिलं. "चुन्याची रेघ."

"ती समोरची. ये खाली."

खाली येऊन ती शिडीच्या पायाशी बसली. आईनं विचारायची वाट न पाहता बोलली, "आता रेघ लगतची झाली, अन् भिंत समोर गेली. कर्ण तेवढा तोच राह्यला." मग पोरांकडं वळून म्हणाली, "आपलं घर कोणाच्या समोर हाये, हे कोणाच्या दारात उभं राहून विचारता त्याच्यावर आहे न बे."

एकोणीस जण शिडीवर चढून उतरेपर्यंत साडेआठ झाले. किसनरावांना उशीर झाला. जाताना त्यांनी लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि शिडी खांद्यावर घेतली.

पण ती ओळ काही एका सकाळीत जाणारी नव्हती. पोरं गणित वाचायची आणि ओठ आपोआप हलायचे. शिवमनं तर जाहीर सांगितलं, "ताई, म्या काही न म्हणताच ते म्हटल्या जाते." आतून जनकाबाई सुपात तूर पाखडत गुणगुणायच्या, सिंधूताई हळूच म्हणायच्या, "आई, तेवढं सोडून म्हणा," आणि म्हातारी रागावायची, "बारा वर्स म्हटलं तवा चाललं?"

सिंधूताईंनी मग रोज त्रिकोण फिरवून दिले. काटकोन वर, काटकोन डावीकडं, त्रिकोण कलता, त्रिकोण पाय वर केलेला. प्रत्येक आकृतीत आधी कोनावर एक छोटं गोल डोकं काढायचं, म्हणजे आपण तिथं बसलो. मग समोर पाहायचं. पोरांनी त्या डोक्यांना मिशा काढल्या, वेण्या काढल्या. एकानं टोपी काढली. सिंधूताईंनी ते चालू दिलं. डोकं काढायला विसरलं की तेवढं विचारायचं, "कुठं बसलास?"

पेपरच्या दिवशी त्यांनी ठरवलं होतं की काही विचारायचं नाही. दुपारी समीक्षा आली, चप्पल काढली, प्रश्नपत्रिका कपाटावर ठेवली आणि पाणी प्यायली. सिंधूताई अंबाडा बांधून कणीक मळत होत्या. जनकाबाईंनी मात्र काही ठरवलं नव्हतं.

"कसा गेला वं?"

"एक त्रिकोण अशानं तिरपा काढला होता आजी. उभं कोणतं अन् आडवं कोणतं, देवालेही समजलं नसतं." समीक्षा भिंतीला टेकून खाली बसली. "माह्यामागं शिवम. त्याचा आवाज आला मले, पुटपुटून राह्यला होता, उभ्याखाली, उभ्याखाली. मग गप झाला."

"आणि तू?" शेवटी सिंधूताईंनी विचारलंच.

"मी कोनात जाऊन बसली."

सिंधूताईंचे हात कणकेत होते. समीक्षानं उठून कपाटावरची प्रश्नपत्रिका त्यांच्यापुढं धरली. तिरप्या त्रिकोणाच्या एका टोकावर पेन्सिलीनं छोटंसं गोल डोकं काढलेलं होतं. डोक्याला अंबाडा होता, आणि कपाळावर ठिपक्याएवढी टिकली.