आष्टीची मंडळी बद्री-केदारला

बद्री-केदारला जाऊन आलेल्या माणसाच्या लोक एकदा पाया पडतात आणि मग जन्मभर म्हणतात, "मास्तर, तो कंडीचा किस्सा सांगा ना!" दर्शनाचं कुणी विचारत नाही. मीही सांगत सुटतो. एक सांगता सांगता दुसरा आठवतो आणि समोरचा चहा थंड होऊन जातो.

निजामाचं राज्य जाऊन थोडी वर्षं झाली होती. लोकांना पुन्हा लांब जायची हिंमत आली होती. मी आष्टीच्या शाळेत नवाच मास्तर होतो. आमच्या कापडवाल्या शेठजींनी यात्रेची टूम काढली. त्यांचे वाडवडील मारवाडातले, तेव्हा हिंदी मुलखात ते आपल्याला बराबर सांभाळून नेतील असा सगळ्यांचा भरवसा. सोबत निघाल्या गोदामावशी आणि त्यांचे दोन मुलगे, थोरले बापूराव आणि धाकटे दत्तोबा.

या दोघांचं आधीच सांगायला हवं. वडील वारले, शेताची वाटणी झाली आणि बांधावरच्या एका आंब्यावरून दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले. वडिलांचे पिंड बद्रीला ब्रह्मकपाळावर द्यायचे म्हणून निघाले होते, पण तेही आपापले वेगळे द्यायला. परतूर स्टेशनवर मावशी मला म्हणाल्या, "मास्तर, देव दिसो न्हाईतर न दिसो. ह्ये दोघं एकमेकाशी बोलताना दिसले की माझी यात्रा झाली."

*

त्या काळी बद्रीला निघालेला माणूस परत येईलच असं कुणी धरत नसे. अर्धं गाव स्टेशनवर आलं होतं. वाजंत्री होती, हार होते आणि सोबत रडारड! एकेक जण शेठजींच्या गळ्यात पडायचा आणि हुंदके देत म्हणायचा, "शेठजी, काही चुकलं माकलं असंल तर माफ करा."

हे ऐकता ऐकता शेठाणीबाईंचा धीर सुटला. त्यांनी गपचूप शेठजींचा बिस्तारा उचलून परत बैलगाडीत ठेवला आणि त्यावर बसून राहिल्या. आगगाडी आली तरी उठेनात. शेवटी बिस्तारा त्यांच्याकडेच राहिला आणि शेठजी माझ्या सतरंजीवर हिमालयात गेले.

*

रुद्रप्रयागच्या पुढं पायी वाट. काय सांगू तो मुलूख! एका बाजूला आभाळाला टेकलेला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली गर्जत जाणारी नदी, आणि मधल्या चिंचोळ्या वाटेवर आम्ही सपाट रानातली माणसं, जीव मुठीत धरून.

बापूराव पुढं, दत्तोबा मागं आणि मी मध्ये. एका वळणावर वरून दगड यायला लागले. बापूराव ओरडले, "मास्तर, मागच्याला सांगा, आत सरक म्हनावं!" मी सांगेपर्यंत दत्तोबा डोंगराला चिकटलेसुद्धा होते. दगड गेले. दत्तोबा धोतर झटकत मला म्हणाले, "म्होरच्याला सांगा, सरकलो म्हनावं."

मी दोघांचे निरोप इमानानं पोचवले.

*

वाटेत मुक्कामाला चट्ट्या असत. चट्टी म्हणजे दुकान आणि धर्मशाळा एकाच छपराखाली. दुकानदाराकडून आटा-डाळ घेतली की राहायला जागा आणि स्वयंपाकाला भांडी फुकट, असा तिथला रिवाज. आम्हाला काय ठाऊक! आम्ही घरून ज्वारीचं पीठ नेलेलं.

चट्टीवाला म्हणाला, "आटा हमारा, तो बर्तन हमारा. आटा तुम्हारा, तो बर्तन भी तुम्हारा." शेठजींनी आपली हिंदी पणाला लावली, बिलकुल उपयोग झाला नाही.

मावशींनी एका सपाट दगडावर भाकरी थापली, निखाऱ्यावर भाजली आणि पहिली भाकरी ठेच्यासकट चट्टीवाल्याच्या पुढं केली. त्यानं मोठा घास घेतला. मग लोटाभर पाणी प्याला, बाहेर जाऊन आला, डोळे पुसले आणि तवा-परात आमच्यापुढं आणून ठेवली. म्हणाला, "बर्तन ले लो माताजी, पर यह चटनी यहाँ मत छोड़ना."

*

केदारची चढण शेठजींच्या अंगाला झेपेना. त्यांच्यासाठी कंडी केली. कंडी म्हणजे माणसाच्या पाठीवरची वेताची टोपली. टोपलीतल्या माणसाचं तोंड उलट, मागच्या बाजूला.

शेठजी अख्खा रस्ता आमच्याकडे बघत बसलेले. शेवटच्या चढावर धुकं फाटलं आणि समोर बर्फाच्या भिंतीखाली केदारनाथाचं देऊळ उभं! माझ्या अंगावर काटा आला. सगळ्यांनी जयजयकार केला, मावशींनी तिथंच लोटांगण घातलं.

शेठजी हात जोडून दरीकडे तोंड करून विचारत होते, "किधर है? अहो मास्तर, किधर है?" कंडीवाला दमलेला, त्याला वळायचंही त्राण नव्हतं. शेठजी मला म्हणाले, "मास्तर, सारा हिमालय पाह्यला, पण सगळा मागं गेल्यावर!"

*

दत्तोबांनी बर्फ पहिल्यांदाच पाहिला. आष्टीच्या लोकांना दाखवायचा म्हणून त्यांनी पितळी डबा ठासून भरला आणि वर फडकं घट्ट बांधलं. गौरीकुंडाला उतरून उघडतात तर आत निव्वळ पाणी.

तोंड एवढंसं झालं. मग डब्याकडे बघत म्हणाले, "न्हाई तरी घरी नेऊन तीर्थच करायचं व्हतं."

*

आणि बद्रीनाथ. ब्रह्मकपाळ म्हणजे अलकनंदेच्या काठावरची शिळा. वारा असा की दात वाजत होते. दोघं भाऊ शेजारी शेजारी बसले, तिथल्या भटजींनी, म्हणजे पंडाजींनी, मंत्र म्हटले, पिंड ठेवून झाले. पंडाजी गप्प बसले. भाऊ काही उठेनात. दोघांचे डोळे आभाळाकडे.

आपल्याकडं कावळा शिवल्याशिवाय पिंड पोचला असं कुणी धरत नाही. कावळा येईना म्हणजे गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय. मग घरच्यांनी मोठ्यानं वचन द्यायचं.

वर काळी पाखरं घिरट्या घालत होती, खाली उतरत नव्हती.

"बाबा, मायला काही कमी पडू देनार न्हाई," बापूराव म्हणाले.

काही नाही.

"बाबा, बहिनीला दरसाल दिवाळीला आनत जाईन," दत्तोबा म्हणाले.

काही नाही. दोघंही खाली बघायला लागले. कशात अडकलंय ते दोघांनाही माहीत होतं.

शेवटी बापूराव म्हणाले, "बाबा, आंबा दत्त्याला देला."

"न्हाई बाबा," दत्तोबा म्हणाले, "आंबा दादाचाच. लावल्यावर दादानंच पानी घातल्तं."

"तू मधी बोलू नको. मी बाबाला सांगून राह्यलो."

"मंग मी बी बाबालाच सांगून राह्यलो. दादा, आंबा तुझा हाय."

"दत्त्या, ऐक म्हनलं ना!"

मावशींनी पदर तोंडाला लावला. पंडाजी पुढं झाले, पिंड उचलून त्यांनी अलकनंदेत सोडले आणि म्हणाले, "उठिए यजमान. यहाँ कौआ नहीं लगता."

भाऊ एकमेकांचा हात धरून उठले. पाय गारठले होते.

मी पंडाजींना बाजूला गाठलं. म्हटलं, "महाराज, हे आधी का नाही सांगितलं?"

"माताजी को तो सुबह ही बताया था," पंडाजी म्हणाले.

मी मावशींकडे पाहिलं. त्या पायऱ्या चढायला लागल्या होत्या.

"सांगितल्तं की," मावशी म्हणाल्या. "म्या म्हनलं, बसू द्या त्यान्ला जरासं."