येतो, मंडळी

आमच्या घरातून निघताना कोणी 'जातो' म्हणत नाही. तसं ते कुठल्याच मराठी घरात म्हणत नाहीत, पण माझ्या सासूबाई याबाबतीत फारच कडक होत्या. कोणाच्या तोंडून चुकून 'जातो' निघालं, तर त्या माणसाला पायरीवरून परत बोलवायच्या, बसवायच्या, हातावर गुळाचा खडा ठेवायच्या आणि नव्यानं निघायला लावायच्या. "येतो म्हण," एवढंच म्हणायच्या. मी यवतमाळातल्या नोकरदार माणसांच्या घरातली, मला त्याचं हसू यायचं. सासूबाई गेल्यावर मात्र गुळाचा डबा माझ्याच हाताशी असायचा.

माझ्या यजमानांचं बहुतेक आयुष्य राजकारणात गेलं. जिल्हा त्यांना भाऊ म्हणतो. मी 'अहो' म्हणते आणि रागात असले की 'आमदारसाहेब'. सकाळी 'येतो वो' म्हणून निघायचे आणि कधी परवा उगवायचे, कधी तेरवा. सोबत चार अनोळखी पाहुणे असायचे आणि पोळ्या नेमक्या संपलेल्या असायच्या. मी आदळआपट करायची, कणीक मळायची. संसार झाला तो असा.

त्यांचा एक सोबती होता, बोरी अरबचा. कापूस-तुरीची चांगली शेती सोडून हा माणूस ह्यांच्या मागे फिरायचा. मी त्यांना भाऊजी म्हणायची. व्हरांड्यात ह्यांच्या डाव्या हाताची वेताची खुर्ची त्यांची. बोलायचे कमी. सगळी मंडळी उठून गेली की हे विचारायचे, "तुले काय वाट्टे गड्या?" आणि भाऊजी जे सांगतील तेच दुसऱ्या दिवशी व्हायचं. जिल्हा समजायचा की भाऊंचं डोकं फार चालतं.

शेवटच्या निवडणुकीत ह्यांचा घसा बसला. मुकुटबनला सभा ठरलेली होती, लोक जमलेले होते. "मी जाऊन दोन शब्द बोलतो," भाऊजी म्हणाले. पायरीवर चपला घालता घालता मला म्हणाले, "वहिनी, चहा ठेवजा. येतो." सभा झाली, म्हणे चांगली झाली. परतताना पांढरकवड्याच्या पुढे त्यांची जीप रस्त्यात उभ्या असलेल्या ट्रकवर गेली. बातमी आली तेव्हा आधण गॅसवर होतं.

ती निवडणूक हे जिंकले. गुलाल आमच्या फाटकापर्यंत आला आणि ह्यांनी हात वर करून तो तिथेच थांबवला. पाच वर्षं कशीबशी काढली. मग नेरला बाजार समितीच्या सभागृहात सभा घेतली आणि सांगितलं की आता मी लढणार नाही, पक्षाचं कुठलंच पद घेणार नाही, बास झालं. लोक रडले. मीही रडले, पण ते आनंदानं. शेवटी ह्यांनी हात जोडले आणि सवयीनं म्हणाले, "येतो, मंडळी."

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! माझ्या शेजारची बाई मला कोपरानं ढोसून म्हणाली, "आयकलं का? भाऊ येतो म्हणून राह्यले. वापस येतेत ते." मी म्हटलं, "अहो बाई, ते कोपऱ्यावर दूध आणायला गेले तरी येतोच म्हणतात." पण तिनं ऐकलं नाही, कोणीच ऐकलं नाही. पुढे लग्नात, मयतीत, बसस्टँडवर, जिथे म्हणून हे दिसले तिथे कोणीतरी हात धरायचं, "भाऊ, येतो म्हतलं होतं तुमी." हे नुसते हसायचे.

माझ्यासाठी मात्र ते घरात आले. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मला नवरा मिळाला म्हणा ना. सकाळी आम्ही चहा सोबत घेतो, मी पेपर वाचून दाखवते कारण त्यांना बारीक अक्षर दिसत नाही, मग एकेका बातमीवर भांडतो. एवढंच. पण हे एवढं मला म्हातारपणी मिळालं आणि ते मी कोणालाही द्यायला तयार नव्हते.

घरात तिसरं माणूसही होतं, हे सांगायलाच हवं. वेताची खुर्ची तिथेच राहिली. मी ती पुसते, पण हलवत नाही, आणि आलेला माणूस तिच्यावर बसायला लागला की आम्हा दोघांमधलं कोणीतरी चटकन दुसरी पुढे करतं. फाटकाची कडी वाजली की आम्हा दोघांच्याही माना वर होतात. कडी वाऱ्यानंही वाजते. मग आम्ही एकमेकांकडे न बघता पुन्हा पेपरात डोकं घालतो. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही, शाळेत विज्ञान शिकवलंय मी. तरी सांजेला चहा टाकताना माझा हात एक कप पाणी जास्त घालतो आणि मी तो थांबवत नाही.

आणि यंदा मुंबईहून फोन आला.

पक्षाची दशा जगाला ठाऊक होती. अर्धे इकडे गेले, अर्धे तिकडे. उरलेल्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं. प्रदेशाध्यक्ष व्हायला जो तो तयार आणि दुसऱ्याला होऊ द्यायला कोणीच तयार नाही. अशा वेळी कोणाला तरी यवतमाळचे भाऊ आठवले. स्वच्छ माणूस, कोणाच्या गटात नाही, कोणाला अडचण नाही. तुम्ही फक्त हो म्हणा, नाव पुढे करा, बाकी आम्ही बघतो, असं तिकडून सांगितलं. मागोमाग जिल्ह्यातली मंडळी घरी येऊ लागली. खुर्च्या कमी पडल्या, शेजारून आणाव्या लागल्या.

"त्यांना अध्यक्ष नकोय, फोटो पाहिजे," मी सगळे गेल्यावर म्हणाले.

"फोटो तं फोटो," हे म्हणाले. "पण पक्ष बुडून राह्यला ना वो. ज्यानं मले मोठं केलं त्याले बुडताना पाहू का? उद्या लोक म्हणतीन, भाऊ घरी बसून चहा पेत होता."

"म्हणू द्या."

"तुले काहून एवढा राग येऊन राह्यला?"

मला राग आला होता तो त्यांच्या चेहऱ्यावरच्या तजेल्याचा. फोन आल्यापासून पाठ सरळ झाली होती, खादीचे कुडते पेटीतून निघून इस्त्रीला गेले होते, साखरेची गोळी न सांगता घेतली जात होती. मी इतकी वर्षं त्यांना सांभाळलं तेव्हा हा तजेला नव्हता, हे मला दिसत होतं आणि फार लागत होतं. आणि खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. गावोगावची घरं ओळखणारा, कोणी शिवी दिली तरी त्याच्या घरी जेवायला जाणारा असा माणूस पक्षात दुसरा उरला नव्हता.

एका दुपारी मी आत तांदूळ निवडत होते आणि व्हरांड्यातून बोलणं ऐकू आलं. वाटलं, कोणी आलं. खिडकीतून पाहिलं तर हे एकटेच. डाव्या बाजूला किंचित वळून हलक्या आवाजात बोलत होते. "नेर आपलं हाय. बोरी अरबचा तं सवालच नाई. दारव्ह्यात थोडं बोलावं लागन. मुकुटबन..." आणि थांबले. पुन्हा नेरपासून सुरुवात केली. पुन्हा मुकुटबनशी आले आणि थांबले. मग खुर्चीला म्हणाले, "तुले काय वाट्टे गड्या?"

मी तांदळात हात घालून तशीच बसून राहिले. मला भीती वाटली, अगदी लहान मुलीला वाटते तशी. त्यांच्या डोक्याचं काही बिघडलं याची नव्हे. मला वाटलं, आता उत्तर येईल.

संध्याकाळी ते म्हणाले, "बोरी अरबले जाऊन येऊ. तिले इचारतो. ती हो म्हणन तं करतो, नाई म्हणन तं नाई." ती म्हणजे भाऊजींची बायको. दरवर्षी दिवाळीत हे तिकडे जायचे, पण दारातच उभे राहायचे, मिठाईचा पुडा द्यायचे आणि निघायचे. आत जाऊन बसले नव्हते. तिनंही कधी बसा म्हटलं नव्हतं.

या खेपेला तिनं बसा म्हटलं. भिंतीवर भाऊजींचा फोटो होता, प्रचाराचा गमछा गळ्यात असलेला. हे त्याच्यासमोरच्या खाटेवर बसले आणि मान खाली घालून सगळं सांगितलं. मुंबईचा फोन, पक्ष, लोक काय म्हणतात ते. शेवटी म्हणाले, "तुमी सांगा बाई. तुमी म्हणान तसं."

तिनं पदर सारखा केला. मग ह्यांच्याऐवजी माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, तुमाले म्हतलं होतं ना त्यायनं? चहा ठेवजा, येतो म्हणून?"

मी मान हलवली.

"मले नाई म्हतलं. त्या दिवशी घरून घाईनं गेलते. मी मांगं न्हाणीत होती. बाहेर आली तं जीप गेली होती." ती शांतपणे सांगत होती, रोजची गोष्ट असावी तशी. "त्यायचं शेवटचं 'येतो' तुमच्या घरी राह्यलं. म्हणून मी कधी दाराकडं पाह्यलं नाई. तुमी पाह्यत असान."

ह्यांनी डोळ्यांवर हात घेतला.

"भाऊ, अध्यक्ष व्हा का नका होऊ, मले त्यातलं काय समजते?" ती म्हणाली. "झेपते तं करा. पण उगीच कोणाले 'येतो' म्हणू नका. माणूस वाट पाह्यते. जाणारा मेला तरी पाह्यते."

घरी आल्यावर त्यांनी जेवण नको म्हटलं आणि व्हरांड्यात जाऊन बसले. मी विचारलं नाही. मला वाटलं, बाईनं अडवलं नाही, म्हणजे हे आता जाणार. मी मनातल्या मनात सकाळच्या चहाला रामराम ठोकला.

नेरलाच कार्यक्रम ठरला, बाजार समितीच्या त्याच सभागृहात. भाऊ आज होकार देणार, असं सगळीकडे पसरलं होतं. बँड, फेटे, हार. मी पुन्हा बायकांच्या रांगेत. मंचावर तरुण मंडळी माइक सोडत नव्हती आणि प्रत्येक जण सांगत होता की भाऊ येतो म्हणाले होते आणि भाऊ शब्दाचे पक्के. ह्यांना माइक मिळाला तेव्हा त्यांचा आवाज सुरुवातीला चिरका निघाला. मग सुधारला.

"याच जागी मी 'येतो' म्हतलं होतं," ते म्हणाले. "सवयीनं म्हतलं. तुमी वाट पाह्यत बसले. माह्या जागी एक माणूस मुकुटबनले गेलता. त्यानंही 'येतो' म्हतलं. त्याची वाट आमी दोघं अजून पाहून राह्यलो. अध्यक्ष व्हाले पाह्यजे तो माणूस असा, जो उद्या मुकुटबनले स्वतः जाईन. मी आता त्या रस्त्यानं जाऊ शकत नाई. पांढरकवड्याच्या पुढं माह्यानं जाणं होत नाई. नवा माणूस पाहा, मी त्याच्या घरी जेवाले येईन." मग त्यांनी हात जोडले. सगळं सभागृह त्या सवयीच्या शब्दाची वाट पाहत होतं. "मंडळी," ते म्हणाले, "मी जातो."

कोणी टाळी वाजवली नाही. शेजारच्या बाईचा हात तोंडावर गेला. "अरे देवा, असं काहून म्हतलं भाऊनं?" बँडवाले एकमेकांकडे बघत राहिले. मंचावरच्या एकानं, सवयीनंच असेल, "असं म्हणू नका भाऊ," म्हणून त्यांचा हात धरला.

मला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. नवरा माझ्या घरी, माझ्या चहाला परत. आणि मी त्या गर्दीत बसून पिशवी चाचपत होते. इतकी वर्षं ह्यांनी राजकारणाला 'जातो' म्हणावं म्हणून मी तळमळले, पण तो शब्द असा उघड्यावर, ह्यांच्या स्वतःच्या तोंडून ऐकला आणि सासूबाई आठवल्या. पिशवीत गूळ नव्हता. परत बोलवायला पायरीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी मुंबईचा फोन आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. शेजारच्या खुर्च्या शेजारी गेल्या. मी पेपर वाचून दाखवला. नव्या अध्यक्षांच्या बातमीवर हे भांडले नाहीत. पेपर संपल्यावर उठले, काठी घेतली आणि पायऱ्या उतरून फाटकाशी गेले.

"काय म्हणालात?" मी आतून ओरडले.

"काई नाई."

"म्हणा."

ते कडीवर हात ठेवून उभे राहिले. व्हरांड्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं की डाव्या बाजूच्या खुर्चीकडे, ते मला कळलं नाही.

"कोपऱ्यावरूनच दूध घेऊन येतो वो," ते म्हणाले. "येतो."

कडी वाजली. मी गॅसवर आधण ठेवलं, एक कप जास्तीचं, आणि बाहेर येऊन त्या वेताच्या खुर्चीवर पहिल्यांदा बसले. फाटक तिथून नीट दिसतं.