झग्याला खिसा नसलेला संकासूर

लांज्याजवळच्या आमच्या वाडीत रघू भुवडांइतका मऊ माणूस मी पाहिलेला नाही. बैल अडला तर ते त्याला समजावत बसतात. पण गेली तीस वर्षं शिमग्यातला संकासूर तेच होतात. अंगभर काळा झगा, डोक्यावर उंच टोकदार टोपी, तोंड झाकणारं फडकं, तागाची पांढरी दाढी, कमरेला घुंगरांचा पट्टा. हा राक्षस दारोदार नाचतो. पोरं त्याला बघून पळतात आणि मोठी माणसं पाया पडतात. आमच्याकडे रीत अशी, की एकदा टोपी चढली की त्याने बोलायचं नाही आणि त्याला कुणी नावाने हाक मारायची नाही.

यंदा त्यांचा मुलगा संदेश मुंबईहून बायको-मुलीला घेऊन आठ दिवसांसाठी आला. सानवी चार वर्षांची. दोन दिवस ती आजोबांना लांबूनच न्याहाळत होती. तिसऱ्या दिवशी मांडीवर येऊन बसली, ती उतरेना. रोज सकाळी दोघं काजूच्या बिया वेचायला जात. खाली पडलेली बी उचलल्याशिवाय रघूंना पुढे पाऊलच टाकवत नाही.

शिमग्याचे खेळे घरोघर नाचायला निघायच्या आदल्या संध्याकाळी रघू माझ्या पडवीत येऊन बसले. मग म्हणाले, नात उद्या भ्यायली तर पुन्हा मांडीवर यायची नाही, आणि दिवस उरलेत तीन. टोपी दुसऱ्या कुणाला द्यावी का? त्यांची बायको चिमा त्यांना जेवायला बोलवायला आली होती. ती म्हणाली, "बगा गुरुजी. पोर ऱ्हायली बाजूला, राकूसच भ्यालाय."

पण ते नाचणं दुसऱ्या कुणाला येत नव्हतं, म्हणून टोपी त्यांनीच चढवली. चिमाने नातीला रीत तेवढी सांगून ठेवली.

सकाळी ढोल वाजला आणि सगळी पोरं पांगली. सानवी आईची ओढणी तोंडावर घेऊन तिच्यामागे लपली. संकासूर स्वतःच्याच अंगणात शिरला, पण पाय नेहमीसारखे उचलत नव्हते. तेवढ्यात कडेच्या काजूखाली पिवळं बोंड पडलेलं दिसलं. राक्षस नाचता नाचता थांबला, वाकला, बोंड पिरगळून बी वेगळी केली आणि खिसा चाचपू लागला. झग्याला खिसा कुठला? ढोलवाल्या बाबूचा हसून ताल चुकला.

ओढणी बाजूला झाली. सानवी दोन पावलं पुढे आली. नाव घ्यायचं नाही हे तिला आठवलं असावं, कारण तोंड उघडून ती थांबली. मग हळूच म्हणाली, "संकासूर आजोबा, इकडे द्या. माझ्या फ्रॉकला खिसा आहे."

त्याने बी दिली. बोलायची बंदी होती हे बरंच झालं. पाय मात्र आता नेहमीसारखे उचलू लागले.

त्यापुढची अकरा घरं ती त्याच्याबरोबर फिरली. प्रत्येक अंगणात इतर पोरांबरोबर ओरडत पळायची, आणि नाच संपला की परत येऊन बोट धरायची. दुपारी रघू टोपी काढून पडवीत टेकले, तेव्हा ती त्या काळ्या झग्यावरच झोपली. तिच्या फ्रॉकवर बोंडांचे डाग होते आणि खिशाची शिवण उसवली होती.

परवा गेलो तर चिमा सुईदोरा घेऊन झग्याला खिसा लावायला बसली होती. रघूंनी लावू दिला नाही; म्हणाले, खिसा सानवीच्या फ्रॉकला आहे.