ग्यानीजींचा सत्कार आणि माझा पारा

मला राग फार येतो. तरुणपणी तर राग आधी यायचा, कारण मी मागाहून शोधायची.

ग्यानीजी नांदेडकडचे. पांढरीशुभ्र दाढी, निळी पगडी, खांद्याला झोळी. गावोगाव फिरून शीख गुरूंच्या कथा मराठीत सांगायचे आणि फाट्यावर एसटीची वाट बघता बघता मांडीवर वही ठेवून पुस्तकं लिहायचे. आपल्या संतांची पदं शिखांच्या धर्मग्रंथात आहेत, हे आमच्या टेंभुर्णीला त्यांनीच पहिल्यांदा सांगितलं. त्या वर्षी कथा आमच्या अंगणात ठरली, आणि आमचे 'हे' बातमी घेऊन आले, "ग्यानीजी नवं पुस्तक लिहून राह्यले. जिथं जिथं भाकरी खाल्ली, त्या घरांचं."

झालं! मला त्या पुस्तकात जायचं होतं. तेही थोरल्या जाऊबाईंच्या आधी!

"टावेल-टोपीचा आहेर मी करणार," मी जाहीर केलं.

"पाहुण्याला टोपी बाप्यांनी घालायची असती, बाई," जाऊबाई म्हणाल्या.

"का? माझ्या हाताला काटे आलेत?"

"अगं, पण ग्यानीजींना टोपी..." यांनी तोंड उघडलं.

"तुम्ही गप बसा!"

ते बसले. (एवढं एकच काम त्यांनी जन्मभर बराबर केलं.)

कथा रंगली, सत्काराची वेळ आली. मी नारळ दिला, टॉवेल दिला, टोपी पुढं केली. ग्यानीजींनी हात जोडले. "बेटी, ही राहू दे."

राहू दे? सगळ्या गावासमोर? जाऊबाई पदराआड हसल्या आणि माझ्या डोक्यात जाळ झाला.

"का हो? आमचा आहेर हलका वाटला? जालन्याहून आणलीये, चांगल्या दुकानातली!"

"तसं न्हाई, बेटी..."

"मंग कसं?" असं म्हणून मी पाटावर चढले आणि ती टोपी थेट पगडीवर ठेवली! घागरीवर वाटी पालथी घालावी तशी ती दिसली. जाऊबाईंना उचकी लागली.

ग्यानीजींनी दोन्ही हातांनी टोपी हळूच उतरवली. "पगडी हा आमच्या गुरूंनी दिलेला मान आहे. तिच्यावर दुसरं काही चढत न्हाई. पण तुझा आहेर परत कसा करू?" आणि टोपी त्यांनी आमच्या यांच्या डोक्यावर ठेवली. टाळ्या पडल्या!

आता तरी मी निवावं ना? बिलकुल न्हाई!

"तुम्हाला ठाऊक होतं?" मी यांना आत ओढलं.

"होतं ना."

"मंग सांगितलं का न्हाई?"

"सांगतच होतो. गप बसवलं कोणी?"

त्या रागात वाढलं, त्याच रागात मागच्या दारी गेले, तर तिथं ग्यानीजी स्वतःचं ताट घासत बसलेले! शेजारी जाऊबाईंचंही ताट घासून पालथं घातलेलं.

"ठेवा ते खाली! पाहुण्याला भांडी घासायला लावली म्हणून गाव शेण घालंल माझ्या तोंडात!"

"आमच्यात ही सेवा असते, बेटी."

"तुमची सेवा तुमच्या गावाला!" मी ताट ओढलं. त्यांनी धरून ठेवलं. मी आणखी जोरात ओढलं, ताट सुटलं आणि राखेचं खरकटं पाणी त्या पांढऱ्या दाढीवरून खाली ओघळलं. ते मात्र खदखदून हसले. मला तर त्या हसण्याचाही राग आला!

पुढं पुस्तक छापून आलं. जाऊबाईंनी ओसरीवर मोठ्यानं वाचलं. त्यांच्या ठेच्यावर एक ओळ होती. माझ्यावर अख्खा धडा! 'क्रोधावर बोलायला मी जन्मभर चांगला दृष्टान्त शोधत होतो. तो टेंभुर्णीला एका माउलीच्या घरी मिळाला. तिची शोभा होऊ नये म्हणून नाव देत नाही.'

सगळे माझ्याकडं बघत होते. नाव देत नाही? एवढा मोठा धडा माझ्या जिवावर लिहिला, आणि नाव न्हाई?

त्याच दुपारी पेन घेऊन मी घरातल्या प्रतीत माझं नाव घातलं. आडनावासकट!