बांधाच्या डोक्यावर मंडप

मी काय काम करतो हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा उतरतो. मी बांध बघतो. पनवेलच्या खाडीलगत भरतीचं पाणी अडवणारा मातीचा एक लांबलचक बांध माझ्या ताब्यात आहे. पावसाळ्यात आणि दर उधाणाच्या आदल्या दिवशी त्याच्यावरून काठी घेऊन चालायचं, खेकड्यांची बिळं शोधून बुजवून घ्यायची, भेगा बघायच्या, आतल्या उताराची माती ओली लागते का ते हाताने चाचपायचं. लग्न ठरताना सासऱ्यांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, बाकीच्या वेळात काय करता?

बांध नीट उभा असला की काहीच घडत नाही, आणि काहीच घडलं नाही की लोकांना ती जागा फुकट पडून आहे असं वाटू लागतं. सकाळी चालायला येणाऱ्या मंडळींना बांधावर फरशी आणि बाकं हवी होती. कोणाला सेल्फी पॉइंट हवा होता. मागच्या एका सोसायटीला उघाडीचा वास यायचा, म्हणून ती कायमची बंद करून हवी होती. उघाडी म्हणजे बांधातलं दार. भरतीला पाण्याच्या दाबाने ते मिटतं आणि ओहोटीला उघडून आत साचलेलं पावसाचं पाणी खाडीत सोडतं. ते कायमचं बंद केल्यास वासाची तक्रार नक्की थांबेल, कारण वास घ्यायला तळमजल्यावर कोणी उरणार नाही, असं उत्तर मी लिहून दिलं. आमच्या साहेबांनी ते पुढे जाऊ दिलं नाही.

माझ्या पाहणीतून काय निष्पन्न झालं, हे जाणून घ्यायची उत्सुकता अख्ख्या पनवेलात एकाच व्यक्तीला होती. बांधाच्या आतल्या पायथ्याशी कातकऱ्यांच्या झोपड्या आहेत. शिरढोणकडच्या वीटभट्ट्या पावसाळ्यात बंद झाल्या की ही माणसं इथे येतात, मिळेल ती मजुरी करतात, खाडीत खेकडे, चिंबोऱ्या धरतात. सगळ्यात खालच्या झोपडीत एक मावशी राहायच्या. त्यांची लेक गेल्या वर्षी बाळंत होऊन त्यांच्याकडेच होती. उधाणाच्या आदल्या दिवशी मी काठी टेकत परत निघालो की मावशी दारातून विचारायच्या, "सायब, निजू का?" बांध चांगला दिसला असला तर मी हो म्हणायचो, शंका असली तर शाळेत जाऊन राहा म्हणायचो. त्यापलीकडे आमचं कधी बोलणं झालं नाही. पण त्या प्रश्नामुळे मी नीट वाकून बघायचो, एवढं खरं.

आमच्या वॉर्डात एक भाऊ आहेत. भाऊ म्हणजे माजी नगरसेवक, आणि फलकांवर भावी. या दोन पदांच्या मधल्या काळात माणसाला फार कल्पना सुचतात. नारळी पौर्णिमेला कोळी खाडीला नारळ देतात, मग आपलं रक्षण करणाऱ्या बांधाला का नको, असं भाऊंच्या मनात आलं. ऐकायला मलाही छान वाटलं. बांधाचं नाव कोणीतरी प्रेमाने घेतंय, हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

आदल्या दिवशी मी पाहणी केली, बांध उत्तम होता, मावशींना हो म्हणून घरी गेलो. सकाळी येऊन बघतो तर बांधाच्या डोक्यावर मंडपवाले पहारीने खड्डे घेत होते आणि एकेक खांब आत ठोकत होते. मी धावत गेलो. खाली रस्त्यावर घाला ना मंडप, म्हटलं. पण ड्रोनने फोटो काढायचा होता आणि मागे भरलेली खाडी दिसायला हवी होती. त्यासाठी मुहूर्तही दुपारचा, ऐन उधाणाचा काढला होता. "साहेब, तुमच्या बांधाचाच मान आहे," भाऊ माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तासाभराचा प्रोग्राम. नंतर खड्डे बुजवून देतो ना." मी आमच्या साहेबांना फोन लावला. धार्मिक विषय आहे, गोडीत घ्या, असं ते म्हणाले. ते स्वतः प्रमुख पाहुणे होते.

मी खाली जाऊन मावशींना सांगितलं की कालचा होकार विसरा, शाळेला आज सुट्टीचं कुलूप आहे, लेकीला आणि बाळाला घेऊन वर या. त्या लगेच आल्या. पण वर खुर्च्या पाहुण्यांसाठी होत्या आणि ही माणसं फोटोत येत होती. मी दुसऱ्या टोकाला उघाडी बघायला गेलो तेवढ्यात स्वयंसेवकांनी त्यांना हात जोडून परत पाठवलं. प्रसाद खालीच मिळेल, म्हणाले. अगदी नम्रपणे.

पाणी चढलं तेव्हा भाऊ बोलायला उभे होते. हा बांध म्हणजे आपल्या सर्वांचा मोठा भाऊ आहे, असं सांगून ते हळूहळू स्वतःकडे वळत होते. मी भाषणाकडे पाठ करून आतला उतार बघत होतो. मधल्या खांबाच्या खाली माती गडद झाली, मग चकाकली, मग तिथून पाणी झिरपू लागलं. स्वच्छ पाणी असतं तर मी थोडा दम धरला असता. हे गढूळ होतं, म्हणजे बांध आतून धुपत होता. खांब एखाद्या जुन्या, वरवर बुजवलेल्या बिळात उतरला असणार. तेवढ्यात मावशी उतार चढून वर आल्या. त्यांनी आवाजही चढवला नाही.

"सायब, चुलीत पानी आलंय. पोरगी आत हाय."

मला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त राग आला. मी भाऊंच्या हातातला माइक घेतला आणि सगळ्यांना बांधावरून उतरायला सांगितलं. आमचे साहेब सगळ्यात आधी उतरले. मावशी खाली पळाल्या आणि लेकीला, बाळाला घेऊन रस्त्यावर आल्या. खांबाला हात लावू नका, असं मी ओरडतोय तोवर दोघा उत्साही कार्यकर्त्यांनी तो उपटलाच, आणि झिरपणाऱ्या पाण्याची चांगली मनगटाएवढी धार झाली.

मंडपाची ताडपत्री सोडवून आम्ही ती खाडीच्या अंगाने उतारावर पसरली. तिच्यावर वजन हवं होतं. कार्यकर्त्यांनी समोर दिसली ती भरलेली पोती उचलून टाकली. ती नारळांची होती. भाऊंनी गर्दीचा अंदाज घेऊन भरपूर नारळ मागवले होते, आणि ते सगळे खाडीकाठची माणसं आयुष्यभर बघत आली तसेच तरंगत निघाले. मग झोपड्यांतल्या लोकांनी उरलेली पोती रिकामी करून त्यांत चिखल भरला आणि हातोहात खाली दिली. धार बारीक झाली. पुढे ओहोटी लागली म्हणून बांध राहिला. त्याचं श्रेय चंद्राला आहे.

दुसऱ्या दिवशी फलक लागला. भाऊंच्या तत्परतेने दुर्घटना टळली. ड्रोनचा फोटो सुरेख आला होता, खाडीभर नारळच नारळ. खाली लिहिलं होतं, सागराला विक्रमी श्रीफळ अर्पण. मला शाल मिळाली. मावशींच्या झोपडीची एक बाजू बसली होती, ती त्यांनी त्याच ताडपत्रीने झाकली. ताडपत्री परत द्या म्हणून मंडपवाला माझ्यामागे लागला, तेव्हा मी त्याला भाऊंकडे पाठवलं.

यंदा पुन्हा बांधपूजनाचं निमंत्रण आलं. मी लेखी हरकत घेतली आणि ती अर्थातच विचाराधीन राहिली. आदल्या दिवशी पाहणी करून परतताना मावशी दारात होत्या, पण त्यांनी काही विचारलं नाही. मला ते लागलं.

सकाळी गेलो तर बांधाच्या डोक्यावर झोपड्यांतली सगळी माणसं ओळीने बसली होती, हंडे, कोंबड्या आणि पोरांसकट. मागच्या वर्षीचं बाळ आता चालत होतं. मंडपवाला पहार घेऊन उभा होता आणि मावशी त्याला सांगत होत्या, "आमी बसलोय हितं. खांब रोवाया जागा नाय."

मंडप खाली रस्त्यावर घालावा लागला. भाऊ आले, बांधावरची गर्दी बघून हरखले, आणि लांबूनच सगळ्यांना हात जोडून आत गेले. पाणी चढलं, बांधाला टेकलं आणि ओसरायला लागलं. मी काठी घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो, दोनदा वाकलो, माती चाचपली. कोरडी होती. परत आलो तेव्हा मावशी माझ्याकडेच बघत होत्या.

"सायब, निजू का?"

"निजा, मावशी."

त्या घराकडे उतरल्या नाहीत. नातवाला कुशीत घेऊन तिथेच, बांधाच्या डोक्यावर, भरदुपारी आडव्या झाल्या आणि बघता बघता त्यांचा डोळा लागला. खाली मंडपात भाऊंचं भाषण चालूच होतं.