वस्तादांची सही

बॉल हातात आला की वस्ताद आधी तो दोन्ही अंगठ्यांनी दाबायचे. मग कानाजवळ नेऊन टपली मारायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. बाजारात कलिंगड घ्यायला आलेलं गिऱ्हाईकच जणू. शेवटी निकाल द्यायचे, "दोन पंप कमी." आम्ही दोन पंप मारायचो आणि बॉल खरंच टणटणीत व्हायचा. उद्यमनगरातल्या फौंड्रीत वाळूचे साचे दाबून दाबून त्यांच्या अंगठ्यांना हे ज्ञान झालं होतं. एकदा तालमीनं हवा मोजायचं मीटर आणलं. ते वस्तादांच्या अंगठ्याशी जुळेना, म्हणून आम्ही मीटरच दुकानदाराला परत केलं.

परगावच्या वाचकांना वाटेल, तालीम म्हणजे कुस्ती, तिथं बॉल कुठला? तर आमच्या कोल्हापुरात तालमीत मारुती असतो, लाल मातीचा आखाडा असतो आणि भिंतीवर फुटबॉल टीमचे फोटो असतात. पैलवान हरला तर पेठ एखादा दिवस हळहळते, टीम हरली तर आठवडाभर चहा गोड लागत नाही. आमच्या वस्तादांनी जन्मात लंगोट कसला नव्हता. सोळा वर्षांखालच्या पोरांना ते फुटबॉल शिकवायचे. पण तालमीत शिकवतो तो वस्ताद, असा सरळ हिशेब, त्यामुळं नाव तेच पडलं. मी त्या तालमीचा सेक्रेटरी. वय चोवीस, अक्षर बरं आणि तोंड चुरचुरीत, एवढ्या भांडवलावर झालो होतो.

त्यांचं एक वाक्य सगळ्या पेठेला पाठ होतं. पोरगं पडलं आणि फाऊल मागायला हात वर करून बसलं, की वस्ताद रेषेबाहेरून ओरडायचे, "शिट्टी वाजली काय? न्हाय न्हवं? मग पळ की!" हे मैदानावर ठीक होतं, पण ते सगळीकडंच चालायचं. एका लग्नात भर पंगतीत लाईट गेली. दोनशे माणसांचे हात ताटातच थांबले. अंधारातून आवाज आला, "शिट्टी वाजली काय? जेवा की!" आणि सगळी पंगत हसत हसत जेवायला लागली.

कागदाचं मात्र त्यांना वावडं होतं. चौथीपर्यंत शिकलेले. सही करायची म्हणजे जीभ दातांत धरून, अख्खं नाव, मोठ्ठ्या अक्षरांत, प्रत्येक काना खालपर्यंत ओढून. म्हणून आमच्या तालमीत एक पद्धत पडली होती. खंडेनवमीला सगळे आपापल्या हत्यारांची पूजा करतात. आम्ही मारुतीपुढं बॉल, पंप, शिट्टी आणि बूट मांडायचो. त्याच्या शेजारी तालमीच्या कोऱ्या लेटरहेडांची चळत असायची. त्या दिवशी वस्ताद अंघोळ करून, टोपी घालून मांडी घालायचे आणि वर्षभर लागतील तेवढ्या कोऱ्या कागदांवर एकदमच सह्या करून टाकायचे. लेटरहेडच्या तळाला डावीकडं 'प्रशिक्षक' आणि उजवीकडं 'सेक्रेटरी' असं छापलेलं होतं. डावीकडं त्यांची सही पडली की वरच्या कागदाला हळदीकुंकवाचं बोट लावायचं. मग वर्षभर मला काय लिहायचं ते मी वर लिहायचो आणि उजवीकडं माझी सही ठोकायचो.

एकदा मी गमतीनं म्हणालो, "वस्ताद, तुमचं घर माझ्या नावावर करून घेतलं तर?"

"घे की," ते म्हणाले, "पावसाळ्यात गळतंय, तेवढं बघ."

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. आमची पोरांची टीम त्या साली अशी जमली होती की म्हातारी माणसंसुद्धा सकाळचं फिरणं सोडून सराव बघायला उभी राहायची. सोळा पोरं, आणि त्यांत सदा. डाव्या पायाचा. गवंड्याचं पोरगं, अंगानं काटकुळं, पण बॉल त्याच्या पायाला चिकटल्यासारखा राहायचा. वस्ताद त्याचं तोंडावर कधी कौतुक करायचे नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणायचे, "शेक्रेटरी, ह्यो पोरगा मोठ्या मैदानावर जाणार. ह्या साली कुणीतरी बघितलं पायजे त्याला. पुढच्या साली सतरा लागतंय." वयाची अट होती. सदाला ते एकच वर्ष उरलं होतं.

आणि त्याच वर्षी लीग दोन झाल्या.

जुनी लीग आमच्या वाडवडिलांपासूनची. मैदान ठरलेलं, भांडणं ठरलेली, फायनलला सगळी पेठ गुलालात. नवी लीग काढली ती जुन्या कमिटीतून रुसून बाहेर पडलेल्या मंडळींनी. त्यांच्यामागं एक बांधकामवाले होते. प्रत्येक पोराला ट्रॅकसूट, नवे बूट, आणि पुण्याहून निवड करायला माणसं येणार. दोन्हीकडं पोरांचं भलं करायचं होतं म्हणे. पण दोघांनी एकच नियम काढला, की जो संघ तिकडं खेळेल त्याला इकडं बंदी.

बघता बघता शहरातल्या तालमी चिरफळल्या. एका तालमीत तर एकाच दारावर दोन बोर्ड लागले. सख्ख्या भावांपैकी थोरला जुन्या लीगला आणि धाकटा नव्या, आणि आई दोघांना वेगवेगळ्या वेळी वाढायची. बूट दाखवून गोलकीपर पळवले. आमच्याही बैठकीत खुर्च्या सरकल्या. निम्मे म्हणाले जुनी, निम्मे म्हणाले नवी. वस्तादांना विचारलं तर म्हणाले, "कुठंबी चला. पण सोळाच्या सोळा चला. निम्मी हितं, निम्मी तिथं, असलं मला जमणार न्हाय."

ठरलं जुनीच. मी अर्ज लिहिला, सही केली, देऊन आलो.

आता मी काय केलं ते सांगतो. इतकी वर्षं सांगितलेलं नाही.

जुन्या लीगला पुण्याहून कुणी बघायला येणार नव्हतं, हे मला ठाऊक होतं. सदाचं वर्ष वाया जाणार, हेही. आणि आमच्या पेठेतली भांडणं मी लहानपणापासून बघत आलेलो. आज कोयता काढतील, आणि आठ दिवसांनी तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर एका ताटात जेवतील. मला वाटलं, हेही तसंच. मिटेलच. तोवर दोन्हीकडं नाव असलेलं बरं. म्हणून मी चळतीतलं आणखी एक लेटरहेड काढलं, वस्तादांच्या सहीच्या वर नव्या लीगचा अर्ज लिहिला आणि गुपचूप पोचवला. उजवीकडं माझी सही केली नाही. का केली नाही, ते तेव्हा मला कळत नव्हतं असं म्हणायला मला तोंड नाही. चांगलं कळत होतं.

भांडण मिटलं नाही. एका सकाळी पेपरात दोन्ही लीगच्या सामन्यांच्या याद्या शेजारीशेजारी आल्या आणि दोन्हींत आमच्या तालमीचं नाव. चहाच्या गाड्यावर आमची अब्रू गेली. संध्याकाळी जुन्या लीगची माणसं तो दुसरा अर्ज घेऊनच तालमीत आली. नव्या लीगवाल्यांनीच त्यांना तो दिला होता. एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं आम्हाला बुडवायला बरी एक झाली!

मारुतीपुढं बैठक बसली. दाटीवाटीनं माणसं. तालमीच्या अध्यक्षांनी कागद वस्तादांपुढं धरला. "ही सही कुणाची?"

वस्तादांनी कागद हातात घेतला. आपली सही बघितली. मग उजवीकडची मोकळी जागा बघितली. मग मान वर करून माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. सदा पेनल्टी चुकला होता तेव्हा त्याच्याकडं बघितलं होतं, तसं. मी भिंतीवरच्या फोटोंकडं बघायला लागलो.

"माझीच हाय," वस्ताद म्हणाले.

"दोन्हीकडं नाव कशापायी दिलंसा?"

"पोरं खेळावीत म्हणून."

"आणि तालमीची इज्जत?"

वस्तादांनी कागद अध्यक्षांच्या हातात परत दिला. मला उठता आलं असतं. एक वाक्य, "अर्ज मी लिहिला." बस, तेवढंच. अहो, तोंड चुरचुरीत म्हणून सेक्रेटरी झालेला माणूस मी, आणि माझ्या जिभेला कुलूप लागलं. अक्षर माझं होतं, पण बघायचं कुणाला सुचलं नाही. सगळ्यांना फक्त सही दिसत होती.

जुन्या लीगनं दोन वर्षं बंदी घातली. नव्या लीगनं विश्वासघातकी म्हणून यादीतून नाव काढलं. सोळा पोरं आठ दिवसांत पांगली. ज्यांना दुसऱ्या तालमींनी घेतलं ती गेली. सदाला चार जणांनी बोलावलं. तो वस्तादांना विचारायला आला. ते म्हणाले, "जा की बाबा, शिट्टी वाजली काय?" पण त्याच्या बापानं आमच्या पेठेचं पोरगं दुसऱ्या पेठेचा शर्ट घालणार नाही म्हणून त्याला घरात बसवलं. ते वर्ष गेलं. सदा पुढं राधानगरीकडं दुधाच्या गाडीवर लागला. एकदा स्टँडवर दिसला तेव्हा गाडीच्या चाकाला डाव्या पायानं सहज टपली मारत उभा होता. मी दुसऱ्या बाजूनं निघून गेलो.

नव्या लीगला तीन सीझन झाले आणि बांधकामवाल्यांचा उत्साह आटला. जुन्या लीगकडं तोवर पोरांचे संघच पुरेसे उरले नाहीत, म्हणून तीही गुंडाळली. ज्यांनी भांडण लावलं ते पुढं एकाच मांडवात हारतुरे घेताना दिसले. रस्सा झालाच, फक्त उशिरा झाला.

वस्तादांचं तालमीत येणं तुटलं ते कायमचं. कुणी येऊ नका म्हणालं नाही, पण ते आले की कट्ट्यावरची माणसं गप्प व्हायची. टवाळ पोरं मागून म्हणायची, "दोन लीगचा वस्ताद चालला बघ." सकाळी ते मैदानाच्या कुंपणाबाहेर उभे असायचे. आत कधी गेले नाहीत.

दोन-तीन वर्षांनी बाजारात गाठ पडली. एका गाड्यावर कलिंगड कानाला लावून उभे होते, डोळे मिटून. मला हसू आलं आणि त्याच दमात रडूही. जवळ गेलो. म्हणालो, "वस्ताद, त्या अर्जाचं मला बोलायचंय."

त्यांनी डोळे उघडले. "शिट्टी वाजली काय?" म्हणाले. आणि कलिंगड माझ्या हातात दिलं. "हे ने. ह्यात हवा बरोबर हाय."

मी कलिंगड घेऊन घरी आलो. बोललो नाही. अजूनही वेळ आहे, असा त्यांच्या वाक्याचा अर्थ मी माझ्या सोयीनं लावला, आणि मग वर्षं गेली.

दोन हजार सालानंतर ते गेले. फौंड्रीच्या धुळीनं छाती भरली होती. मातीला पेठेतली माणसं बेताचीच. मी तिसऱ्या दिवसानंतर घरी गेलो. वस्तादांची बायको, आमच्या काकू, भिंतीला टेकून बसल्या होत्या. छताला तेच गळकं कौल. आता तरी बोलायचं असं ठरवूनच गेलो होतो. म्हणालो, "काकू, त्या दोन अर्जांत वस्तादांची चूक न्हवती. दुसरा मी दिला. त्यांना ठाऊकसुद्धा न्हवतं."

काकू म्हणाल्या, "मला ठावं हाय की. त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं त्यांनी."

"मग तुम्ही कुणी बोलला का न्हाईसा?"

"मी भांडले की त्यांच्यासंगं! तर म्हणाले, माझं आता किती राहिलं? शेक्रेटरी लहान हाय, त्याला ह्याच पेठेत जगायचं हाय. आणि म्हणाले, तो येऊन सांगंल. वाट बघत हुते तुझी."

मी खाली मान घालून रडलो. काकूंनी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला आणि उठून फळीवरची पिशवी काढली. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली तालमीची लेटरहेडं होती, त्या साली सह्या न करता उरलेली. "दर खंडेनवमीला एक काढायचे आणि सही करून ठेवायचे," काकू म्हणाल्या. "शेक्रेटरी आला आणि टीम घालायची म्हणाला, तर कागदावाचून अडाय नको, म्हणायचे."

मी एकेक कागद उलटला. प्रत्येकावर वरच्या कोपऱ्यात हळदीकुंकवाचं बोट. खाली डावीकडं अख्खं नाव, मोठ्ठ्या अक्षरांत. पहिल्या कागदांवर काना खालपर्यंत ओढलेला. पुढच्या कागदांवर हात हलायला लागलेला. शेवटच्यावर अक्षरं ओळ सोडून खाली उतरलेली, पण नाव पुरं केलेलं.

बाकी कागद कोरा होता. आणि उजवीकडं, सेक्रेटरीच्या सहीची जागा, प्रत्येक कागदावर तशीच मोकळी.