साठ पावलांची रेघ

आमच्या सितारा फुटबॉल क्लबात हात वर करून मतदान होत न्हाई. हात काय, कोणीबी वर करतो. चहा मागवायचा आसला तरी करतो. आमच्याकडं माणसानं मैदानात उतरून उभं राहायचं. मधल्या रेघेच्या बाजाराकडच्या आंगाला उभा राहिला तर 'नवीन करा', रेल्वेच्या रुळाकडच्या आंगाला उभा राहिला तर 'हाये तसं राहू द्या'. शिट्टी वाजली की पाय हालवायचा न्हाई. मंग मैदान राखणारा लालमियाँ एकेकाच्या खांद्याला हात लावत मोजत जाणार, अन् शेवटी इचारणार, "रेघ कबूल?" सगळ्यांनी "कबूल" म्हणलं की विषय संपला. रेघ त्यानंच मारलेली, मोजणीबी त्याचीच, म्हणून त्याला स्वतःला मत न्हाई. चाळीस वर्षांत त्यानं ते मागितलं न्हाई, अन् आम्हीबी कधी 'मियाँ, तुझं काय म्हणणं' म्हणून इचारलं न्हाई.

मी कडूबा. बदनापूरचा. एसटीच्या वर्कशॉपात पाने फिरवून रिटायर झालो. जवानीत सिताराकडून बॅकला खेळायचो, अन् गुडघा गेल्यापासून दर रविवारी रेल्वेनं जालन्याला येऊन शिव्या घालायला उभा राहतो. माझी जागा ठरलेली. गॅलरीच्या सातव्या खांबासमोर. तिथून दोन्ही गोल बराबर दिसतेत. मधली रेघ माझ्या बाजारच्या आंगाला तीन-चार फुटांवर पडायची, म्हणजे मी रुळाकडचा. कायमचा. पाहुणे आले तरी त्या जागेवर कोणाला उभं राहू देत न्हाई मी, मंग तो जावाई का आसंना.

जुन्या जालन्यात धान्याच्या गोदामांमागं आमचं मैदान. एका आंगाला दगडाची गॅलरी, तिच्या पायऱ्यांच्या पोटात एक खोली, अन् त्या खोलीत लालमियाँ. खोलीचं छत तिरपं. दाराशी माणूस उभा राहतो, आत गेलं की आपोआप वाकतो. मियाँची बायको रहिमुन्निसा त्याच खोलीत नांदली अन् चार वर्षांमागं तिथंच गेली. जित्ती होती तव्हा मॅचच्या आदल्या दिशी जुन्या ओढणीतून चुना गाळायची. गाळलेला चुना पिठावाणी पडायचा. "रोटी थोड्या जाड झाल्या तर चालतं, रेघ जाड झाली तर तुम्ही लोकं बोंबलता," म्हणायची. खरंच बोंबलायचो आम्ही.

मियाँनं टेप कधी लावली न्हाई. रुळाकडच्या गोलापासून अनवाणी साठ पावलं चालायची, टाच रोवायची, अन् तिथून आडवी रेघ. चप्पल घालून मोजलं तर पाऊल फसवतं म्हणायचा. एकदा बाहेरगावचा एक रेफ्री लई शहाणा आल्ता, त्यानं टेप धरून बघितली तर एका बोटाचा फरक. मियाँ शांतपणे म्हणला, "तुमची टेप धुतली होती का? धुतल्यावर आटती." ते रेफ्री बिचारं टेप उलटीपालटी करून बघत बसलं. तव्हापासून क्लबात कोणी रेघेवर तोंड उघडलं की बाकीचे म्हणतेत, चुना पडला तो पडला.

तर गेल्या पावसाळ्यात गॅलरीचे दोन दगड निसटले. कोणाला लागलं न्हाई, पण सगळ्यांच्या तोंडाला काम मिळालं. राधेश्यामशेठ आमचे अध्यक्ष, धान्याचे आडते. त्यांनी नकाशाच करून आणला. सिमेंटची गॅलरी, समोरून दुकानं, खाली नकली गवत. नकली गवताच्या रेघा गवतातच इणलेल्या येतेत म्हणे, पुसायचं काम न्हाई अन् मारायचं काम न्हाई. नकाशा सगळ्यांनी बघितला. पायऱ्यांच्या पोटातली खोली त्यात न्हवती. ती न्हाई हे मला दिसलं, मी बोललोबी. राधेश्यामशेठ म्हणले, "अरे हां, मियाँ. बघू ना त्याचं कायतरी." बघू म्हणजे काय ते मला एसटीत पस्तीस वर्षं काढल्यावर कळतं.

दोन महिने भांडलो आम्ही. चहाच्या गाड्यावर, गोदामाच्या ओट्यावर, एकदा तर एका मयतीतबी. मी म्हणायचो दगड बसवा, डागडुजी करा, मोडता कामून? निजामाच्या टायमाचा दगड हाये, तुमचं सिमेंट त्याच्या निम्मं टिकून दाखवू द्या. राधेश्यामशेठला मी आईकत न्हवतो, पण ज्योत्स्नानं माझी बोलती बंद केली. ही शाळेत मास्तरीण, पोरींची टीम तीच चालवती. ती म्हणली, "कडूबाकाका, माझ्या पोरी गोदामात पोत्यांच्या आड उभं राहून कपडे बदलतात. एक जण दारात ओढणी धरून उभी राहते. तुमच्या सातव्या खांबासाठी अजून किती वर्षं?"

पोरगी खरं बोलून राह्यली होती. मी म्हणलं, "मंग मियाँनं कुठं जायचं?" तिनं आपला थंडगार झालेला चहा तसाच ओतून दिला.

त्याच दिशी मी मियाँकडं गेलो. नळावरून कळशी घेऊन तो येत होता. बघतो तर एका पायात चप्पल, दुसरा पाय उघडा. दुसरी चप्पल मागं चिखलात रुतून बसलेली. मला हासू आलं. म्हणलं, "का मियाँ, नवी फॅशन काढली का?" त्यानं खाली बघितलं. बघितल्यावर त्याला कळलं. माझं हासणं तिथंच थांबलं. उघड्या पायात बाभळीचा काटा घुसलेला, रगत आलेलं, अन् ह्या माणसाच्या चेहऱ्यावर काईच न्हाई.

"शुगर है," तो म्हणला. "वर्ष झालं. पाय हायेत पण न्हाईत. जमिनीवर ठिवला का हवेत, बघितल्याबिगर कळत न्हाई."

"मंग रेघ?"

"बघून चालतो ना. अंदाज हाये चाळीस वर्षांचा." मंग कळशी खाली ठिवून त्यानं माझा हात धरला. "कडूबा, क्लबात बोलू नको. खोली जाती तर जाऊ दे. पण रेघेवर शक आला तर मी काय राहिलो? रहिमुन्निसाची कसम खा."

मी खाल्ली. काटा काढायला त्याचा पाय मांडीवर घेतला तर पाय थंड, दगडावाणी. काटा निघाला तरी त्याला पत्ता न्हाई. तो माझ्याकडं बघून इचारत होता, "निकला क्या?"

दिवाळी झाल्यावरच्या रविवारी मतदान ठेवलं. मी सकाळच्या गाडीनं आलो. मियाँनं पहाटंच रेघ मारून ठिवली होती, पांढरी, सरळ, देखणी. माणसं जमली. मत देणारे एकूण त्र्याऐंशी. राधेश्यामशेठ बोलले, ज्योत्स्ना बोलली, मी बोललो. माझं भाषण म्हणजे शिव्याच, पण त्या दिशी जरा सांभाळून दिल्या. मंग सगळे मैदानात उतरले. मीबी उतरलो अन् जाऊन आपल्या जागेवर उभा राहिलो, सातव्या खांबासमोर. खाली बघायचं काय कारण? फुटबॉलवाल्याला रेघ कव्हा दिसते, चेंडू बाहेर गेल्यावर. शिट्टी वाजली.

मियाँनं बाजाराच्या टोकाकडून मोजणी सुरू केली. खांद्याला हात लावत, मोठ्यानं आकडा म्हणत. ज्योत्स्नाच्या खांद्याला लावायचा न्हाई म्हणून तिच्या डोक्यावर नुसता हवेत हात धरला. अडतीस. चाळीस. एक्केचाळीस. मंग तो माझ्यासमोर आला अन् त्याचा हात मधीच थांबला.

मला कळंना हा माझ्यापाशी आत्ता कामून आला. मी खाली बघितलं. रेघ माझ्या उजव्या आंगाला होती. रुळाकडच्या आंगाला! मी तिथंच होतो जिथं चाळीस वर्षं उभा हाये. रेघच सरकली होती. पावलामागं दोन बोटं कमी पडली तरी साठ पावलांत सात-आठ फूट जातेत, ह्याचा हिशोब मला आगगाडीत बसून मंग लागला. तव्हा एवढंच दिसलं की मी बाजाराकडं उभा हाये, अन् मियाँ माझ्या तोंडाकडं बघून राह्यलाय.

"कडूबा?" तो हळूच म्हणला. "तू इकडं?"

पलीकडून बद्रीनाथ, माझ्यासोबत खेळलेला, आमच्याच बाजूचा, वरडला, "आरं ये कडूबा! तिकडं काय करून राह्यला रे?"

आता बोला! काय सांगू? रेघ वाकडी हाये म्हणू? म्हणलं तर टेप आली आसती. टेप आली की सात फूट उघडे पडले आसते, अन् सात फुटांमागून मियाँचे पाय. त्र्याऐंशी माणसांच्या मधी, पोरासोरांच्या मधी. मी हे सगळं इचार करून गप राहिलो आसं म्हणलं तर मोठेपणा होईल. इचार-बिचार काई केला न्हाई. शब्द दिल्ता एवढंच डोक्यात होतं.

"हौ," मी म्हणलं. "इकडंच."

मियाँनं माझ्या खांद्याला हात लावला. "बेचाळीस."

मंग तो रेघ ओलांडून पलीकडं गेला अन् तिकडचे मोजले. मी कान देऊन उभा. एक्केचाळीसवर तो थांबला. पुढं माणूसच न्हवता.

एक. माझा एक. मी तिकडं आसतो तर बेचाळीस तिकडं, एक्केचाळीस इकडं. लहान लेकराला कळंल आसं गणित. मियाँ मधोमध येऊन उभा राहिला, आपल्याच रेघेवर, अन् दरवेळीसारखं इचारलं, "रेघ कबूल?"

"कबूल," सगळे म्हणले. मीबी म्हणलं. मला वाटलं होतं कायतरी होईल. काई झालं न्हाई. कोणीतरी चिवड्याची पुडी हातात दिली, ती मी खाल्ली.

त्यानंतर बद्रीनाथ माझ्याशी बोलंना. गद्दार म्हणला, अजून काय काय म्हणला, ते इथं लिहिण्यासारखं न्हाई. त्याचं मी मनावर घेतलं न्हाई. आयुष्यभर तो ऑफसाइड उभा राहिला, त्याला रेघेचं काय कळतंय. ज्योत्स्ना येऊन पाया पडली, म्हणली, "काका, तुम्ही पोरींसाठी आलात इकडं, मी विसरणार नाही." तिलाबी मी हौ म्हणलं. पोरींना खोली मिळणार ह्याचं मला वाईट वाटत न्हाई, खरंच न्हाई. मियाँ रविवारी भेटला की सलाम करायचा, तब्येत इचारायचा अन् आत जायचा. खोलीत ये म्हणायचा न्हाई. मी सातव्या खांबापाशी उभा राहून मॅच बघायचो, अन् कोण जिंकलं ते बदनापूरला उतरल्यावर आठवायचं न्हाई. घरी बायको, दुर्गाबाई, म्हणायची, "जेवण कसं झालंय?" मी म्हणायचो बरं हाये. मीठ न्हाई त्यात, म्हणायची ती.

संक्रांत झाली अन् पाडायची तारीख लागली. मियाँची लेक आसिफा भोकरदनहून टेम्पो घेऊन आली बापाला न्यायला. मी गेलो. कोणी बोलावलं न्हवतं, तरी गेलो. सामान ते काय, एक लोखंडी पेटी, दोन पातेले, शिलाई मशीन, अन् चुन्याचा भोकाभोकाचा डबा. डबा आसिफा टाकून द्यायला निघाली तर मियाँनं तो मांडीवर घेतला. टेम्पोच्या मागच्या फळीवर तो पाय खाली सोडून बसला होता. मी पेटी वर सरकवली अन् हात झटकत उभा राहिलो.

"कडूबा," तो म्हणला, "दोन महिने झाले, एक बात मनात हाये. पूछूँ?"

"पूछ ना."

"त्या दिशी तू तिकडं गेला..." त्यानं मांडीवरचा डबा सरळ केला. "गॅलरी माझ्या डोस्क्यावर पडंल, म्हणून गेला ना? दगड निसटले होते. मी तिथंच झोपायचो. म्हणून ना?"

एवढे दिवस बसून त्यानं माझ्यासाठी हे शोधून काढलं होतं. मला त्याच्याकडं बघवंना. त्याच्याऐवजी मी टेम्पोच्या चाकाकडं बघितलं.

"हौ," म्हणलं. "म्हणूनच."

"बघ!" तो एकदम मोकळा झाला, लेकीकडं वळला. "म्हणलं न्हवतं मी तुला? कडूबा उगीच जाणारा माणूस न्हाई. मेरे लिये गया वो. मी उगाच दोन महिने तोंड फुगवून बसलो."

आसिफा माझ्याकडं बघून हासली. "चाचा, या ना भोकरदनला. आब्बांना करमणार न्हाई." येतो म्हणलं. ड्रायव्हरनं गाडी चालू केली. तेवढ्यात मियाँच्या डाव्या पायातली चप्पल निसटून खाली मातीत पडली. तो लेकीला सांगत होता की कडूबा बॅकला खेळायचा तव्हा त्याच्या बाजूनं कोणाची जायची हिंमत न्हवती. मी चप्पल उचलली, माती झटकली, त्याचा पाय हातात धरला अन् अंगठा नीट बसवून चप्पल घातली. तो बोलतच होता, त्याला कळलंबी न्हाई.